'गिल्डा' संवाद का विसरू लागली? रिटा हेवर्थचं आजारपण आणि काळजीवाहू कुटुंबांची चळवळ

जानेवारी १९७६. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक विमान उतरलं आणि त्यातून एका ५७ वर्षांच्या बाईला आधार देत बाहेर आणण्यात आलं. केस विस्कटलेले, नजर भांबावलेली, कपड्यांचं भान नाही. विमानात तिने गोंधळ घातल्याची खबर आधीच पोहोचली होती, त्यामुळे फोटोग्राफर तयारच होते. ते फोटो जगभर छापून आले. पाहणाऱ्या बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला, बाईंना जास्त झाली.

ही बाई म्हणजे रिटा हेवर्थ. १९४० च्या दशकातली हॉलिवूडची सर्वांत मोठी नायिका. तिचं नाव ऐकलं नसेल, तरी 'द शॉशँक रिडम्प्शन' पाहिलेल्यांनी तिला पाहिलेलं आहे. तुरुंगातले कैदी एकत्र बसून जो चित्रपट बघतात, तो तिचा 'गिल्डा'. अँडी कोठडीच्या भिंतीवर जे पहिलं पोस्टर लावतो, तेही तिचंच. स्टीफन किंग यांच्या मूळ दीर्घकथेच्या नावातच रिटा हेवर्थ आहे.

हीथ्रोच्या त्या फोटोंचा खरा अर्थ कळायला आणखी चार-पाच वर्षं गेली. तिला अल्झायमर होता. तिच्या घरच्यांनी हे लपवलं नाही, जगाला सांगितलं. त्यानंतर स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी बऱ्याच गोष्टी बदलल्या. काय बदललं हे समजण्यासाठी आधी तिचं आयुष्य पाहावं लागेल.

मार्गारिटा कान्सिनोची 'रिटा' कशी झाली?

१७ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तिचा जन्म झाला. मूळ नाव मार्गारिटा कारमेन कान्सिनो. वडील एदुआर्दो कान्सिनो स्पेनमधल्या सेव्हिल परिसरातून आलेले नर्तक, आई व्होल्गा हेवर्थ रंगमंचावरची कलाकार. घरात नाच हा छंद नव्हता, पोट भरण्याचं साधन होतं. चालायला लागल्यावर थोड्याच काळात तिला तालमीला उभं करण्यात आलं.

किशोरवयात ती वडिलांची नृत्यातली जोडीदार झाली. अमेरिकेच्या सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या क्लबांमध्ये बापलेकीचे कार्यक्रम होत. शाळा जवळजवळ सुटली होती. या वर्षांत वडिलांकडून तिच्यावर अत्याचार झाल्याचं तिच्या चरित्रकार बार्बरा लीमिंग यांनी नंतर लिहिलं. पैसे कोण घेणार, कुठे नाचायचं, काय घालायचं, हे ठरवणारं माणूस तेव्हापासूनच दुसरं कुणीतरी होतं. पुढेही ते फारसं बदललं नाही.

हॉलिवूडमध्ये सुरुवातीला तिला 'स्पॅनिश दिसणारी मुलगी' अशा दुय्यम भूमिका मिळाल्या. १९३७ मध्ये तिने वयाने बऱ्याच मोठ्या एडवर्ड जडसनशी लग्न केलं आणि त्याने तिची कारकीर्द एखाद्या प्रॉडक्टसारखी हातात घेतली. कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन याच्या कंपनीत ती दाखल झाली. कान्सिनो हे आडनाव गेलं, आईचं माहेरचं हेवर्थ आलं. काळे केस लालसर रंगवले गेले. कपाळ रुंद दिसावं म्हणून पुढची केसांची रेषा इलेक्ट्रोलिसिसने मागे सरकवण्यात आली. ही प्रक्रिया वेदनादायक असते आणि अनेक बैठकांमध्ये चालते.

मग यश आलं आणि भराभर आलं. १९३९ चा 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज', १९४१ चे 'द स्ट्रॉबेरी ब्लाँड' आणि 'ब्लड अँड सँड'. फ्रेड अस्टेअरबरोबर दोन नृत्यपट, जीन केलीबरोबर 'कव्हर गर्ल'. १९४१ मध्ये 'लाइफ' मासिकात छापलेला तिचा एक फोटो दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांनी खिशात, बंकरमध्ये, विमानात लावला. १९४६ मध्ये 'गिल्डा' आला आणि ती शिखरावर पोहोचली. त्याच वर्षी १ जुलैला बिकिनी बेटावर टाकलेल्या चाचणीच्या अणुबाँबवर तिचं चित्र आणि 'गिल्डा' हे नाव होतं. कुणीतरी याला गौरव समजलं असावं. ती मात्र भयंकर संतापली होती.

वैयक्तिक आयुष्याबद्दल थोडक्यात: पाच लग्नं, पाचही मोडली. दुसरा नवरा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, त्याच्यापासून मुलगी रिबेका. तिसऱ्या लग्नाचा धागा मात्र थेट पुण्यापर्यंत येतो.

पुण्याशी संबंध कसा?

२७ मे १९४९ रोजी फ्रान्समध्ये रिटाने प्रिन्स अली खान यांच्याशी लग्न केलं. अली खान हे इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान तिसरे यांचे चिरंजीव. पुण्यात नगर रस्त्यावर जो आगाखान पॅलेस आहे, तो याच आगाखान तिसरे यांनी १८९२ मध्ये बांधला. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं हा त्यामागचा हेतू. 'छोडो भारत' आंदोलनात महात्मा गांधींना इथेच स्थानबद्ध करण्यात आलं आणि कस्तुरबांचं निधनही १९४४ मध्ये इथेच झालं. म्हणजे ज्या वास्तूत पुण्याची मुलं शाळेच्या सहलीला जातात, ती बांधणाऱ्याची सून होती हॉलिवूडची 'गिल्डा'.

हे लग्न १९५३ मध्ये संपलं. पण २८ डिसेंबर १९४९ रोजी त्यांना एक मुलगी झाली होती, यास्मिन आगाखान. पुढे आईला सांभाळण्याची जबाबदारी हिच्यावरच आली.

संवाद आठवेनासे कधी झाले?

नेमकी तारीख कुणीच सांगू शकत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूतले बदल लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात. सुरुवातीला नाव आठवत नाही, वस्तू सापडत नाही, चिडचिड वाढते. यातलं काहीच एकेकटं पाहिलं तर आजार वाटत नाही.

नटीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लपत नाही, ती म्हणजे संवाद. १९७१ मध्ये रिटाला ब्रॉडवेवरच्या 'अप्लॉज' या संगीतिकेत मुख्य भूमिका देऊ केली गेली. हे काम नाचाचं आणि गाण्याचं, म्हणजे तिच्या हातखंड्याचं. पण संवाद पाठच होईनात आणि तो बेत बारगळला. त्याच सुमारास मेक्सिकोत 'द रॅथ ऑफ गॉड'चं चित्रीकरण झालं, रॉबर्ट मिचमबरोबर. तिथे तिला एकेक ओळ सांगून तेवढाच तुकडा चित्रित करावा लागला. १९७२ मध्ये प्रदर्शित झालेला तो तिचा शेवटचा चित्रपट. त्यानंतर घेतलेला एक ब्रिटिश चित्रपट तिने अर्धवट सोडला आणि तिच्या जागी किम नोव्हाक आली.

जी बाई फ्रेड अस्टेअरच्या गुंतागुंतीच्या पदन्यासात चुकत नव्हती, तिला दोन ओळी का लक्षात राहीनात? मेंदूत नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम प्रामुख्याने हिप्पोकॅम्पस हा भाग करतो आणि अल्झायमरचा घाव सहसा आधी तिथे बसतो. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर नवी फाइल सेव्हच होत नाही, जुन्या फाइल मात्र बराच काळ उघडत राहतात. नाचण्यासारखी अंगवळणी पडलेली कौशल्यं मेंदूच्या वेगळ्या यंत्रणेवर चालतात, म्हणून ती तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. त्यामुळेच घरच्यांचा गोंधळ उडतो. चाळीस वर्षांपूर्वीचा प्रसंग तपशीलवार सांगणारी आजी सकाळी जेवली की नाही हे विसरते, तेव्हा ती मुद्दाम करते असं घरच्यांना वाटतं.

सगळ्यांना ती दारूच का वाटली?

कारण ती दारू पीतही होती. हे नाकारण्यात अर्थ नाही. तिच्या मद्यपानाची चर्चा अनेक वर्षं होती आणि मद्यपानानेही विसराळूपणा, राग, तोल जाणं हे सगळं होऊ शकतं. त्यात १९७४ मध्ये आठवडाभराच्या आत तिचे दोन्ही भाऊ गेले. सतत चुकणाऱ्या, भेदरलेल्या माणसाने ग्लास जवळ केला असेल तर त्यात नवल नाही. दारू आणि आजार एकमेकांत मिसळले आणि लोकांनी त्यातलं जे आधीपासून माहीत होतं, तेच पाहिलं.

दुसरं कारण वैद्यकशास्त्रातलं होतं. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी एका रुग्ण महिलेच्या मेंदूतले बदल मांडले. ती महिला वयाच्या पन्नाशीतली होती. त्यामुळे पुढची अनेक दशकं 'अल्झायमर' म्हणजे कमी वयात होणारा दुर्मीळ आजार असं मानलं गेलं. म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याला वेगळंच नाव होतं. आपल्याकडे त्याला 'म्हातारचळ' म्हणायचे आणि विषय संपवायचे. तिकडेही फार वेगळं नव्हतं.

रिटा या दोन्हींच्या फटीत अडकली. म्हातारपणाचं नाव द्यावं तर ती पन्नाशीत होती. दुर्मीळ आजाराचं नाव द्यावं, तर तो डोक्यात यायला डॉक्टरला तो कधी पाहिलेला तरी हवा.

योगायोग असा की हीथ्रोच्या घटनेनंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १९७६ मध्ये अमेरिकी न्यूरोलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांचा एक संपादकीय लेख प्रसिद्ध झाला. तरुणपणातला अल्झायमर आणि म्हातारपणातला स्मृतिभ्रंश हे मूलतः एकच आहेत आणि तसं धरलं तर हा आजार मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक ठरतो, असा त्यांचा मुद्दा होता. एका लेखाने एक दुर्मीळ आजार लाखो घरांचा झाला. ही माहिती वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांपर्यंत अर्थातच पोहोचलेली नव्हती.

निदान झालं, मग काय झालं?

१९७७ मध्ये कॅलिफोर्नियात रिटाला रुग्णालयात दाखल करावं लागलं. तिची जबाबदारी सरकारी पालकाकडे देण्यापर्यंत गोष्टी गेल्या. तेव्हाही कागदोपत्री चर्चा मद्यपानाचीच होती. अल्झायमरचं निदान झालं ते १९८० च्या सुमारास. त्या काळात आजच्यासारखे एमआरआय किंवा रक्तातल्या खुणा तपासण्याची सोय नव्हती. बाकीची कारणं एकेक करून बाद करायची आणि उरेल ते नाव द्यायचं, अशीच पद्धत होती.

जुलै १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने रिटाची काळजी अधिकृतपणे यास्मिन यांच्याकडे सोपवली. यास्मिन तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या आणि त्यांनी गाण्याचं रीतसर शिक्षण घेतलेलं होतं. आईला त्यांनी न्यूयॉर्कमध्ये, सेंट्रल पार्कसमोरच्या सॅन रेमो इमारतीत आपल्या शेजारच्याच घरात आणलं. चोवीस तास नर्स ठेवल्या.

न्यायालयाची पायरी का चढावी लागली, हा तपशील कंटाळवाणा वाटला तरी महत्त्वाचा आहे. माणसाला स्वतःचे व्यवहार कळेनासे झाले की बँक, घर, उपचारांची संमती या सगळ्यांसाठी कायदेशीर अधिकार असलेली दुसरी व्यक्ती लागते. भारतातली अनेक कुटुंबं इथे फसतात. वडिलांनी मुलाच्या नावे साधं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं असलं, तरी वडिलांची निर्णयक्षमता संपली की करार कायद्यानुसार त्या पत्राचा आधारच संपतो. म्हणजे जेव्हा कागद लागतो, नेमका तेव्हाच तो निकामी. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयात अर्ज करण्याची वेळ अनेकांवर आलेली आहे. निदान लवकर झालं आणि माणूस अजून स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत असेल, तर इच्छापत्र, संयुक्त खाती आणि नामनिर्देशन ही कामं तेव्हाच वकिलाच्या सल्ल्याने उरकलेली बरी.

पैसा असूनही काय कमी पडत होतं?

यास्मिन यांच्याकडे पैशांची चणचण नव्हती. नर्स, डॉक्टर, मोठं घर सगळं होतं. तरीही आई मध्यरात्री उठून येरझाऱ्या घालते तेव्हा काय करायचं, ती आपल्यालाच परकं समजून घाबरते तेव्हा काय बोलायचं, आंघोळीला नाही म्हणते तेव्हा जबरदस्ती करायची की नाही, हे प्रश्न पैशाने सुटत नव्हते. कारण उत्तरं फार कमी लोकांना माहीत होती. जे डॉक्टर आजाराचं नाव सांगू शकत, त्यांनाही घरातला दिवस कसा काढायचा हे सांगता येईलच असं नव्हतं.

ते माहीत होतं दुसऱ्या घरांना, ज्यांनी हे आधी भोगलं होतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या काही शहरांत अशा कुटुंबांचे छोटे गट आपापले भेटू लागले होते. शिकागोतले उद्योजक जेरोम स्टोन यांच्या पत्नीला १९७० मध्ये हा आजार झाल्याचं कळलं होतं आणि माहितीसाठी ते वणवण फिरले होते. ऑक्टोबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या पुढाकाराने हे विखुरलेले गट एकत्र बसले. १९८० मध्ये त्यातून राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आजची अल्झायमर्स असोसिएशन. त्याच वर्षी एका लोकप्रिय सल्ला-सदरात या आजाराविषयी पत्र छापलं गेलं आणि नव्या संघटनेकडे हजारो पत्रं आली. गरज किती होती, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

पण संघटनेला चेहरा नव्हता. तो रिटा हेवर्थने दिला, तिला स्वतःला ते कळण्याच्या पलीकडे ती गेल्यानंतर.

एका प्रसिद्ध आजारी आईचं नाव वापरायचं का, हा प्रश्न कुठल्याही मुलीला पडेल. आपल्याकडे आजही शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आजोबांना खोलीत ठेवणारी घरं आहेत. यास्मिन यांच्यासमोर पर्याय दोन होते. गप्प राहिलं असतं तर जगाच्या आठवणीत हीथ्रोचे फोटो राहिले असते. त्यांनी बोलायचं ठरवलं. त्या संघटनेच्या कामात उतरल्या, अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली, संशोधन आणि काळजीवाहूंसाठी निधी मागितला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून न्यूयॉर्कमध्ये आईच्या नावाने 'रिटा हेवर्थ गाला' हा निधी जमवणारा कार्यक्रम सुरू केला. १९८३ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नोव्हेंबर हा राष्ट्रीय अल्झायमर महिना जाहीर केला. एकेकाळच्या नटाने काढलेला तो आदेश होता. पुढे १९९४ मध्ये रेगन यांनी स्वतःलाच हा आजार झाल्याचं पत्र लिहून देशाला कळवलं.

सपोर्ट ग्रुपमध्ये नेमकं काय होतं?

नाव ऐकून अनेकांना वाटतं, तिथे सगळे बसून रडतात. कधी रडतातही. पण बहुतांश वेळ जातो तो अगदी घरगुती गोष्टींत. बाबा संध्याकाळ झाली की घरी जायचंय म्हणून हट्ट धरतात, ते स्वतःच्याच घरात असताना. हे घर आपलंच आहे असं पटवायला गेलं की भांडण होतं. त्याऐवजी बरोबर थोडं चालून यायचं, चहा करायचा, विषय बदलायचा. मुख्य दाराला वरच्या बाजूला कडी लावायची. गॅसचा मेन व्हॉल्व्ह रात्री बंद करायचा. खिशात नाव आणि फोन नंबर असलेली चिठ्ठी ठेवायची. कपड्यांचे पर्याय पाचावरून दोनावर आणायचे.

याच्या पलीकडे एक गोष्ट असते, अपराधीपण. ओरडल्याचं, थकल्याचं, दोन तास मैत्रिणीकडे गेल्याचं, कधीकधी हे संपावं असं मनात आल्याचं. हे नवऱ्याला, नणंदेला सांगता येत नाही. त्याच अवस्थेतून गेलेल्या माणसासमोर सांगता येतं. जगभरात या आजाराच्या काळजीचे सुमारे ७० टक्के तास महिला देतात, असं जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. आपल्या घरांत ती बहुधा सून, पत्नी किंवा लग्न न झालेली मुलगी असते.

हे सगळं ऐकायला बरं, पण उपयोग होतो का? ज्या शहरात रिटाची शेवटची वर्षं गेली, त्याच न्यूयॉर्कमध्ये याची मोजदाद झाली. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी पती किंवा पत्नीला सांभाळणाऱ्या ४०६ जणांचा अनेक वर्षं माग काढला. निम्म्यांना नेहमीची मदत. उरलेल्यांना स्वतंत्र समुपदेशनाच्या दोन बैठका, घरच्या मंडळींसह चार बैठका, मग दर आठवड्याच्या सपोर्ट ग्रुपमध्ये जागा आणि अडचण आली की फोनवर सल्ला. दुसऱ्या गटातल्या रुग्णांना नर्सिंग होममध्ये हलवण्याची वेळ सरासरी ५५७ दिवस उशिरा आली, असा निष्कर्ष २००६ मध्ये मांडला गेला. औषध तेच, आजार तोच. फरक होता तो काळजीवाहूच्या पाठीशी माणसं असण्याचा. एखाद्या गोळीने दीड वर्ष दिलं असतं, तर तिची पहिल्या पानावर बातमी झाली असती.

रिटाचा शेवट कसा झाला?

शेवटच्या वर्षांत ती मुलीला ओळखत नव्हती. बोलणं जवळपास थांबलं होतं. फेब्रुवारी १९८७ मध्ये ती अर्धवट बेशुद्धावस्थेत गेली आणि १४ मे १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचं निधन झालं. वय ६८. तिच्या नाचाबरोबरच आजाराबद्दल उघडपणे बोलणाऱ्या तिच्या कुटुंबाचीही दखल मृत्युलेखांनी घेतली. अकरा वर्षांपूर्वी हीथ्रोच्या फोटोखाली काय छापलं होतं, याची आठवण बहुतेकांनी काढली नाही.

यास्मिन यांचं काम थांबलं नाही. १९८४ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या संघटनांनी मिळून अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल ही जागतिक संस्था स्थापन केली होती. तिचं अध्यक्षपद पुढे त्यांनी सांभाळलं. २१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन १९९४ मध्ये याच संस्थेने सुरू केला. दरम्यान नेदरलँड्समध्ये मानसशास्त्रज्ञ बेरे मीसेन यांनी १९९७ मध्ये 'अल्झायमर कॅफे' सुरू केले. तिथे रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर एकाच टेबलावर कॉफी घेत बसतात. जपानने २००५ पासून बँक कर्मचारी, दुकानदार, शाळकरी मुलं अशांना छोटं प्रशिक्षण देऊन 'डिमेन्शिया सपोर्टर' तयार केले. रस्त्यात गोंधळलेला वृद्ध दिसला तर त्याच्याशी कसं बोलायचं, एवढंच ते प्रशिक्षण.

भारतात, महाराष्ट्रात आणि गोव्यात काय स्थिती?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे या वयोगटातल्या ७.४ टक्के लोकांना. पुरुषांपेक्षा महिलांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात प्रमाण जास्त आहे. मेमरी क्लिनिक आणि डे-केअर केंद्रं मात्र बहुतांश मोठ्या शहरांत. ज्या घरात गरज जास्त, तिथून सोय लांब, असं हे गणित आहे.

संघटित काम १९९२ मध्ये केरळमधून सुरू झालं. डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तिच्या शाखा पुढे मुंबईसह अनेक शहरांत निघाल्या. मराठी प्रेक्षकांपर्यंत हा विषय पोहोचवला तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'ने. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती हरवत चाललेला संस्कृत पंडित उभा केला होता.

आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळचा प्रयोग गोव्यात झाला. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसह हा अभ्यास केला आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. बारावीपर्यंत शिकलेल्या, कोकणी बोलणाऱ्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन हे काम दिलं होतं. सहा महिने, किमान पंधरा दिवसांतून एकदा ते घरी जात. आजार काय आहे ते समजावत, त्रासदायक वागणूक कशी हाताळायची ते दाखवत, आजूबाजूच्या काळजीवाहूंना एकमेकांशी जोडून देत, सरकारी योजना सांगत. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवत. सहा महिन्यांनी या घरांमधल्या काळजीवाहूंचं मानसिक आरोग्य, मदत उशिरा मिळालेल्या घरांपेक्षा चांगलं आढळलं. रुग्णाच्या वागणुकीमुळे होणारा त्यांचा मनस्तापही कमी झाला होता.

आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ असं जाळं महाराष्ट्रात आधीच आहे. गोव्याच्या प्रयोगातलं प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत न्यायचं तर अडचण ज्ञानाची नाही, आधीच कामाने वाकलेल्या आशाताईंवर आणखी एक काम टाकायचं की त्यासाठी मानधनासह वेगळं माणूस नेमायचं, ही आहे. तोपर्यंत एखाद्या घरात विसरणं, स्वभाव बदलणं, पैशांच्या हिशोबात वारंवार चुका अशी लक्षणं दिसत असतील, तर पहिली पायरी म्हणजे न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी. थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, नैराश्य आणि मद्यपान यांमुळेही अशीच लक्षणं दिसतात. त्यातल्या काहींवर उपचार होऊ शकतात.